बाप वितळतो, जात वितळत नाही

दिवाळीच्या सुट्टीआधी तलासरी तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात आम्ही सिनेमा दाखवला. आठवी ते बारावीच्या साठेक मुली. बहुतेक वारली, काही कोकणा, काही धोडिया. सिनेमा होता परेश मोकाशींचा २०१७ सालचा 'चि. व चि. सौ. कां.'. घरच्यांनी जुळवून आणलेलं स्थळ, पण मुलगी म्हणते, लग्नाआधी काही काळ एकत्र राहून पाहू, मगच ठरवू. दोन्ही घरांत भूकंप होतो. वडीलधारे चिडतात, लाजतात, वाद घालतात, शेवटी हळूहळू नरम पडतात. सिनेमा चांगला आहे, मलाही आवडतो. पुण्या-मुंबईच्या थिएटरात ज्या प्रसंगांवर हशा पिकला असेल, त्याच प्रसंगांना आमच्या मुली मात्र शांत बसल्या होत्या. मध्येच दहावीतली एक पोरगी मला म्हणाली, "ताई, पण यात भांडायचं काय आहे?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

वारली पाड्यांवर मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली की एकत्र राहू लागतात. लग्नाचा विधी पुढे कधीतरी, पैसे जमले की होतो. तोपर्यंत कधी एक-दोन मुलंही झालेली असतात, आणि त्यात कुणाची मान खाली जात नाही. आईबापाचं आणि पोराचं लग्न एकाच मांडवात लागल्याची उदाहरणं डहाणू-तलासरीत आजही ऐकायला मिळतात. लग्न लावणारी पारंपरिक व्यक्तीसुद्धा बाई असते, तिला धवलेरी म्हणतात. म्हणजे ज्या एका गाठीवर सव्वादोन तासांचा सिनेमा उभा आहे, ती गाठच इथे अस्तित्वात नाही. गाठ नाही तर सुटणार काय? आणि हसायचं कशाला?

मी आदिवासी समाजाचं गोड चित्र रंगवत नाही. मी इथे काम करते. कोवळ्या वयात होणारी बाळंतपणं, अशक्त पोरं, दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी रोज पाहते. पण त्या मुलीच्या प्रश्नाने एक गोष्ट लख्ख केली. 'कडक आईवडील' ही काही सगळ्या भारताची नैसर्गिक अवस्था नाही. मुलीच्या लग्नावर, शरीरावर, फिरण्यावर जो पहारा असतो तो विशिष्ट समाजांचा पहारा आहे, आणि त्याचं कारणही विशिष्ट आहे. आपल्या कौटुंबिक विनोदी नाटक-सिनेमांनी मात्र त्याला 'घरोघरी मातीच्या चुली' करून टाकलं आहे.

या कथानकाचा सांगाडा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. घरात एक कडक बाप. त्याचे नियम सुरुवातीच्या दहा मिनिटांत कळतात: सातच्या आत घरात, अमुक कपडे नको, तमुक शाखेतच शिकायचं. मग मुलगा किंवा मुलगी नियम मोडते आणि लपवते. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. सगळा विनोद इथून येतो. मदतीला एक मध्यस्थ असतो, बहुधा आजी, मामा किंवा लग्न न झालेला काका. मध्यंतरानंतर बिंग फुटतं. बाप कडाडतो. मग बापाचा भूतकाळ निघतो. त्याचंही कधीतरी कुणावर प्रेम होतं, त्यालाही गायक व्हायचं होतं. डोळ्यांत पाणी येतं आणि शेवटी हळदीच्या गाण्यात बाप सगळ्यांत पुढे नाचतो. प्रेक्षक डोळे पुसत घरी.

आई या सांगाड्यात बहुतेक वेळा आधीपासूनच मऊ असते. तिचं मन वळवावं लागत नाही, कारण तिच्या हो-नाहीला किंमतच नाही. ती फक्त चहा घेऊन येते आणि "अहो, ऐका ना" म्हणते.

हे कथानक आजचं नाही. मराठी संगीत रंगभूमीचं मानाचं नाटक घ्या, अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८२ सालचं 'संगीत सौभद्र'. थोरला भाऊ बलराम कडक आहे. त्याने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचं मन अर्जुनावर. कृष्ण हा मध्यस्थ. अर्जुन संन्याशाच्या वेशात येतो, आणि बलरामाची साधू-संन्याशांवरची भक्तीच त्याच्यावर उलटवली जाते. शेवटी बलराम रागावतो आणि शांतही होतो. मूळ आराखडा तोच. सव्वाशे वर्षांत कपडे बदलले. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' मधल्या कडक बापाचं नाव काय आहे? बलदेव. बलदेव हे बलरामाचंच दुसरं नाव. योगायोग असेल, पण बोलका आहे.

आता जरा नातं तपासा. सुभद्रा वसुदेवाची मुलगी. अर्जुन कुंतीचा मुलगा. कुंती वसुदेवाची बहीण. म्हणजे सुभद्रेने एवढं नाट्य केलं ते आपल्या आतेभावाशी लग्न करण्यासाठी! बलराम वितळला आणि नवरा सापडला तो घरातलाच. 'दिलवाले'त तरी काय वेगळं? मुलगी लंडनच्या पंजाबी घरातली, मुलगा लंडनच्या पंजाबी घरातला. तोही तिला पळवून न्यायला नकार देतो, बापाने हात हातात दिला तरच नेईन म्हणतो. आणि 'चि. व चि. सौ. कां.' मध्ये तर स्थळ घरच्यांनीच पाहिलेलं. वाद राहायचं कसं याचा आहे. राहायचं कुणाशी, हा प्रश्न पहिल्या रिळाआधीच निकालात निघालेला आहे.

या कथानकाची खरी मेख इथे आहे. बाप सगळं सोडतो. कपडे सोडतो, करिअर सोडतो, रात्रीची वेळ सोडतो, लग्नाआधी एकत्र राहायलाही मान डोलावतो. एकच गोष्ट त्याला कधी सोडावी लागत नाही, कारण लेखक ती त्याच्यापुढे ठेवतच नाही. ती म्हणजे जात.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी जातीच्या उगमावरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी सांगितलं की जातीचा गाभा म्हणजे जातीअंतर्गत विवाह. आणि हा कोंडवाडा टिकवायचा तर बायकांवर पहारा बसवावाच लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे त्या पहाऱ्याचेच प्रकार. आता हा निबंध डोक्यात ठेवून एखादी कौटुंबिक कॉमेडी पुन्हा पाहा. 'सातच्या आत घरात' हा बापाचा लहरीपणा वाटेनासा होतो. त्याला दरवाजावर उभं केलेलं आहे, आणि तो नेमून दिलेलं काम करतो आहे. सिनेमा काय करतो? तो पहारेकऱ्याला प्रेमळ करतो, हसरा करतो, नाचायला लावतो. दरवाजाला हात लावत नाही.

दुसरी मेख हृदयपरिवर्तनाची. या कथानकाचं गृहीतक असं की अडचण बापाच्या स्वभावात आहे, मन मोकळं झालं की प्रश्न सुटला. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये बाबासाहेबांनी नेमकं याच्या उलट मांडलं. लोक जात पाळतात ते दुष्ट असतात किंवा त्यांचं डोकं फिरलेलं असतं म्हणून नव्हे; त्यांना धर्माने तसं शिकवलं आहे म्हणून. म्हणजे अत्यंत प्रेमळ, हळवा, विनोदी बापसुद्धा जात पाळू शकतो, आणि पाळतोच. आपल्या ओळखीत असे किती बाप आहेत, जरा मोजून पाहा.

या कथानकाला सगळ्यात जबर उत्तर दिलं ते नागराज मंजुळेंच्या २०१६ च्या 'सैराट'ने. शेवटचा प्रसंग आठवा. आर्चीचं आईशी फोनवर बोलणं झालेलं असतं. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात. ती चहा करते. आपण प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो, कारण शंभर सिनेमांनी आपल्याला शिकवलंय की भेटवस्तू आल्या म्हणजे घरचे वितळले. मंजुळेंनी त्या शिकवणीवरच घाव घातला. आपल्या डोक्यातलं कौटुंबिक विनोदाचं कथानक आणि जातीचं वास्तव यांत किती अंतर आहे, ते त्या अखेरच्या काही मिनिटांत मोजून दाखवलं.

पुन्हा वसतिगृहाकडे येते. सिनेमा पाहून मुलींनी स्नेहसंमेलनासाठी तसंच नाटुकलं बसवायचं ठरवलं. मुलगा-मुलगी तयार, गाणी तयार. पण 'नाही' म्हणणारा कोण, यावर गाडी अडली. बाप नाही म्हणेना. आई नाही म्हणेना. शेवटी एकीने सुचवलं, "मुकादम घेऊ." इथली शेकडो कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुकादम म्हणतो, उचल घेतलीय, सगळे चला, लग्न-बिग्न नंतर. मुलींना खलनायक सापडला. पण मग शेवट सापडेना. मुकादमाचं मन वळवायचं कसं? त्याचं जुनं प्रेम दाखवू, असं एक म्हणाली आणि सगळ्या लोळून हसल्या. सिनेमाभर जे हसू आलं नव्हतं ते तेव्हा आलं. शेवटी कुणीतरी म्हटलं, "त्याचं मन कशाला? वही मागायची. हिशोब वाचायचा." तोच शेवट ठरला.

त्या पोरींना बहुधा माहीत नव्हतं, पण त्यांनी आपल्या पणज्यांचंच कथानक पुन्हा लिहिलं होतं. या मुलखात एकेकाळी 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं त्याचे वेठबिगार. कर्ज कधी फिटत नसे, कारण वही सावकाराकडे. बाईच्या अब्रूवरही तो हक्क सांगे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सगळं नोंदलेलं आहे. ही प्रथा कुणा जमीनदाराला पाझर फुटला म्हणून गेली नाही. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले, वेठ बंद म्हणाले, आणि किसान सभेच्या लाल झेंड्याखाली लढले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. इथे लग्नाच्या आड उभा असलेला माणूस वितळला नाही, त्याला हटवावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, लोकांना दोन घटका हसू द्या, प्रत्येक ठिकाणी जात काय काढता. मी विनोदाच्या विरोधात नाही. रवी जाधवांच्या 'बालक-पालक'ने २०१३ मध्ये कितीतरी घरांत जो विषय उच्चारणंही पाप होतं त्यावर बोलायची वाट मोकळी केली, आणि ते काम भाषणांनी झालं नसतं. बापाला हसता येणं ही बापाच्या सत्तेला पडलेली पहिली चीर आहे. माझी तक्रार एवढीच की ही चीर नेमकी जातीच्या भिंतीपाशी थांबते, आणि तरी शेवटी पाटी झळकते की घर बदललं.

आणि ही तक्रार फक्त 'त्यांच्या' सिनेमाबद्दल करून मी मोकळी होऊ शकत नाही. कारण हे कथानक गेल्या वर्षी माझ्या घरात घडलं.

माझा धाकटा भाऊ बोईसरला नोकरी करतो. त्याचं एका वारली मुलीवर प्रेम आहे, ती परिचारिका आहे. आमचे अण्णा म्हणजे १४ एप्रिलला पहाटे उठून स्वतः निळा झेंडा लावणारे. मला एम.ए. करू दिलं, एकटीला पाड्यांवर फिरू दिलं, लग्नाची घाई केली नाही. कॉमेडीतल्या बापाने शेवटी जे सोडायचं ते अण्णांनी कधीच सोडलं होतं. पण भावाने नाव सांगितलं तेव्हा म्हणाले, "पोरगी चांगली असेल रे. पण आपल्यातली नाही ना."

आपल्यातली! १९५६ साली आपण धर्म सोडला, पण हा शब्द सोबत घेऊन आलो. बौद्ध वधू-वर मेळाव्याच्या याद्या पाहा. तिथेही पोटजातीचा रकाना कुणीतरी हळूच विचारतंच. आदिवासी म्हटलं की आपल्या घरांतही तेच बोललं जातं जे सवर्ण घरांत आपल्याबद्दल बोललं गेलं: त्यांचं राहणीमान, त्यांची दारू, त्यांच्या देवी. मी अण्णांना म्हटलं, बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत माईंशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हा त्यांनी 'आपल्यातली' शोधली होती का? अण्णा म्हणाले, "ते बाबासाहेब होते." या वाक्याला मात्र माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं की मी नकळत त्या कथानकातली मध्यस्थ झाले आहे. आईमार्फत निरोप, अण्णांच्या मूडची वाट पाहणं, मुलीला 'सहज' म्हणून घरी जेवायला बोलावणं, त्यांना आवडणारी सुकटीची चटणी तिच्या हातची म्हणून वाढणं. तिने चटणी केलेलीच नव्हती, मी केली होती. त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली. दोन सज्ञान, कमावत्या माणसांचा हक्क मी चटणीच्या वाटीत घालून मागत होते.

कायद्यात तरी बापाची जागा कुठे संपते? हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे, पण अनुसूचित जमातींना तो लागू नाही. म्हणून या दोघांपुढे रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस. नावं-पत्ते कार्यालयात लागतात, कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. म्हणजे कायद्यानेही बापाला, भावकीला, गावाला महिनाभर दिलेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तर राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्न केलेल्यांची माहिती घेऊन त्यांचा घरच्यांशी 'समन्वय' घडवायला समिती नेमली. ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत 'आंतरजातीय' शब्द वगळला, आंतरधर्मीय ठेवला. मायबाप सरकार हा शब्द तेव्हा मला नव्याने कळला.

मग दुसरं कथानक आहे का? आहे, आणि ते सिनेमाच्या सव्वाशे वर्षं आधीचं आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी आपला दत्तक मुलगा यशवंत याचं लग्न ४ फेब्रुवारी १८८९ ला सत्यशोधक पद्धतीने लावलं. यशवंत ब्राह्मण विधवेच्या पोटचा, मुलगी राधा माळ्याच्या घरची. आणि लग्नाआधी त्यांनी राधाला आपल्या घरी राहायला आणलं होतं, का, तर दोघांची एकमेकांना ओळख व्हावी म्हणून! एकत्र राहून पाहणं, तेही सासू-सासऱ्यांच्या पुढाकाराने, तेही जात ओलांडून. यात कुणी वितळलं नाही. कुणाच्या जुन्या प्रेमाचं पत्र सापडलं नाही. दोघांनी आयुष्यभर जे तत्त्व बाहेर मांडलं तेच घरात आणलं, इतकंच.

मला वाटतं, आपल्या लिहिणाऱ्या पोरापोरींनी या दिशेने कॉमेडी लिहावी. तिचा शेवट बापाच्या 'हो'वर नसावा. मुलांचा निर्णय मध्यंतरालाच झालेला असावा, आणि उरलेला सगळा विनोद बापाची फजिती दाखवणारा असावा: बाहेर समतेचं भाषण करणारा, घरात 'आपल्यातली' शोधणारा, आणि हे दोन्ही एकाच तोंडाने बोलताना अडखळणारा बाप. असा बाप आपल्याच वस्तीत ढिगाने सापडेल. त्याला पाहून सवर्णही हसतील आणि आपणही, आणि दोघांनाही थोडं टोचेल.

माझ्या भावाच्या लग्नाची नोटीस लागली आहे. विहारात छोटा कार्यक्रम करायचा आणि मुलीच्या पाड्यावर धवलेरीची गाणी, असं त्या दोघांनी ठरवलंय. परवा जेवताना भावाने अण्णांना तारीख सांगितली. विचारलं नाही, सांगितली. अण्णा काही बोलले नाहीत, भाकरी मोडत राहिले. ते येतील का, मला माहीत नाही. यावेत असं फार वाटतं. पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची असेल. पण ती खुर्ची रिकामी राहिली म्हणून लग्न थांबणार नाही.

जयभीम.